एकाच कॅडी यार्डातली दोन पोरं

टॅलेंट मोठं की प्रॅक्टिस? हा वाद आपल्याकडे कुठेही सुरू होऊ शकतो. अप्रेझलच्या दिवसांत कँटीनमध्ये, गाण्याच्या क्लासबाहेर, क्रिकेटची मॅच चालू असताना. कुणीतरी म्हणतं, "अरे, ते रक्तातच असावं लागतं." दुसरा लगेच दहा हजार तासांचा नियम तोंडावर फेकतो. दोघांकडे चार-चार उदाहरणं तयार असतात. चहा संपतो, वाद तिथेच राहतो.

या वादाची खरी अडचण अशी, की त्याचा प्रयोग करता येत नाही. सचिन तेंडुलकरनं शिवाजी पार्कवर तासन् तास घाम गाळला नसता तर काय झालं असतं, हे पाहायला दुसरा सचिन आणायचा कुठून? आपल्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल ग्रुपच नाही.

पण इतिहासात कधी कधी असा प्रयोग आपोआप घडून जातो. एकाच वर्षी जन्मलेली दोन मुलं, एकच गाव, एकच मैदान, एकच हलकंसलकं काम. एकाला सगळे म्हणत आले, की याला देवानं दिलंय. दुसऱ्याला म्हणत आले, की यानं मर मर मरून मिळवलंय. दोघंही जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणले गेले. खेळ होता गोल्फ, गाव अमेरिकेतलं फोर्ट वर्थ, टेक्सास. नावं बायरन नेल्सन आणि बेन होगन.

आता गोल्फच का, असं तुम्ही म्हणाल. आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फ पाहिलाय तो टीव्हीवर चॅनेल बदलताना. पण या वादासाठी हा खेळ फार सोयीचा आहे. चेंडू मुकाट्यानं जागेवर पडलेला असतो. समोर बोलर नाही, अंगावर येणारा डिफेंडर नाही, अंपायरच्या चुकीचा निर्णय नाही. १८ होल, आणि ज्याला सगळ्यात कमी फटके लागले तो जिंकला. शेवटी हातात एक आकडा येतो आणि तो तुमचा एकट्याचा असतो. त्यामुळे कोण किती सुधारला हे मोजता येतं. (गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात. पण पुढे जिमखान्यासारखा क्लबही येणार आहे, म्हणून घोटाळा नको. मी काठीच म्हणेन.)

तर आता गोष्ट.

नेल्सनचा जन्म ४ फेब्रुवारी १९१२ चा, होगनचा १३ ऑगस्ट १९१२ चा. दोघांची घरं साधी. होगनचे वडील लोहार होते. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेव्हा बेन नऊ वर्षांचा होता. घरात पैसे नव्हते. पोरानं आधी पेपर विकले, मग कुणीतरी सांगितलं की ग्लेन गार्डन कंट्री क्लबमध्ये कॅडीचं काम केलं तर एका फेरीचे ६५ सेंट मिळतात. कॅडी म्हणजे साहेबाची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन १८ होल त्याच्यामागे चालणारा पोऱ्या. अकराव्या वर्षी होगन तिथे लागला. नेल्सनही त्याच सुमारास तिथेच कॅडी झाला.

काम नसलं की कॅडी पोरं आपापसात खेळत. लांब फटका मारायची पैज लागायची आणि ज्याचा फटका सगळ्यात आखूड, त्यानं सगळ्यांचे चेंडू गोळा करून आणायचे, असं सांगतात. होगन अंगानं लहानखुरा. अंतर गाठायचं म्हणून त्यानं काठी अशी काही पकडायला सुरुवात केली, की चेंडू लांब तर जायचा पण हवेत वळायचा. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू असा झपकन डावीकडे वळला, की त्याला हुक म्हणतात. चेंडू वळतो तो थेट झाडीत किंवा पाण्यात. हा हुक पुढची वीसेक वर्षं होगनच्या मागे लागणार होता. लहानपणी पैज जिंकण्यासाठी केलेला एक जुगाड. आपल्या कोडमध्येही असे जुगाड असतात, डेडलाइनला टाकलेले आणि मग वर्षानुवर्षं छळणारे.

१९२७ च्या नाताळात क्लबनं कॅडी मुलांची स्पर्धा ठेवली. दोघंही पंधरा वर्षांचे. शेवटी बरोबरी झाली. मग पुन्हा नऊ होल खेळवले आणि नेल्सन एका फटक्यानं जिंकला.

एका फटक्याचा फरक म्हणजे फरकच नाही. पण त्यानंतर जे झालं तो फरक मोठा होता. क्लबच्या सभासदांनी एकाच मुलाला ज्युनियर मेंबरशिप द्यायचं ठरवलं आणि ती दिली नेल्सनला. वर नियम असा, की सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला कॅडी म्हणून ठेवायचं नाही. ऑगस्ट १९२८ मध्ये होगन सोळाचा झाला आणि ग्लेन गार्डनचं हिरवंगार मैदान त्याच्यासाठी बंद झालं. तो गावातल्या पैसे भरून खेळायच्या ओसाड मैदानांवर जाऊ लागला. नेल्सन मात्र तिथेच, चांगल्या गवतावर, चांगल्या खेळाडूंसोबत खेळत राहिला.

ही मेंबरशिप लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

१९३० च्या सुरुवातीला, सतराव्या वर्षीच, होगन व्यावसायिक खेळाडू झाला. नेल्सन १९३२ मध्ये. मंदीचा काळ, बक्षिसं मोजकी. नेल्सनची गाडी हळूहळू रुळावर आली. १९३७ मध्ये त्यानं मास्टर्स जिंकली, १९३९ मध्ये यूएस ओपन. होगनचे पैसे संपायचे, तो घरी परतायचा, मिळेल ते काम करायचा, चार पैसे साठले की पुन्हा निघायचा. १९३८ मध्ये ओकलंडच्या स्पर्धेच्या वेळी तर त्याच्या गाडीची चाकंच चोरीला गेली. गाडी ठोकळ्यांवर उभी. खिशात थोडेसे डॉलर उरलेले, सोबत बायको व्हॅलरी. त्या स्पर्धेत त्याला २८५ डॉलर मिळाले आणि म्हणून तो पुढे खेळू शकला.

आता इथे स्टॉपवॉच थांबवू. ३१ डिसेंबर १९३९. नेल्सनच्या नावावर दोन मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांपैकी दोन विजेतेपदं. होगन दहा वर्षं व्यावसायिक आहे आणि एकट्याच्या बळावर त्यानं एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही. १९३८ मध्ये जोडीनं खेळायची एक स्पर्धा जिंकली होती, तेवढीच. सराव मात्र तो सगळ्यात जास्त करत होता. त्या काळात खेळाडू स्पर्धेआधी चार चेंडू मारून अंग मोकळं करत आणि खेळायला जात. खेळून झाल्यावरही तासन् तास चेंडू मारत उभं राहणं हा प्रकार विचित्र समजला जाई. होगन तेच करायचा.

त्या दिवशी तुम्हाला कुणी विचारलं असतं, की टॅलेंट का प्रॅक्टिस, तर तुम्ही काय सांगितलं असतंत? मी तरी सांगितलं असतं, की बाबा रे, हा होगन गुणी आहे, कष्टाळू आहे, पण त्यानं आता दुसरा धंदा बघावा.

नेमकं याच सुमारास हेन्री पिकार्ड नावाच्या खेळाडूनं होगनला मदत केली. पिकार्ड तेव्हा नावाजलेला होता, १९३८ ची मास्टर्स त्यानंच जिंकली होती. त्यानं होगनची पकड बदलून दिली. डावा हात काठीवर थोडा फिरवला, एवढंच. म्हणजे दहा वर्षं हजारो चेंडू मारून जे सापडलं नव्हतं, ते बाहेरून बघणाऱ्या एका जाणकाराला दिसलं. होगन हे विसरला नाही. १९४८ मध्ये त्याचं 'पॉवर गोल्फ' हे पुस्तक आलं, ते त्यानं पिकार्डला अर्पण केलंय.

पण नवी पकड कळणं वेगळं आणि पैसे पणाला लागलेले असताना ती हातात राहणं वेगळं. तिथे मात्र ते हजारो चेंडू कामी आले. मार्च १९४० मध्ये होगननं पाइनहर्स्टची नॉर्थ अँड साउथ ओपन जिंकली. एकट्यानं मिळवलेलं पहिलं विजेतेपद, वय २७. लगेच पुढच्या दोन स्पर्धाही जिंकल्या. दहा वर्षं शून्य, आणि मग लागोपाठ तीन. १९४०, ४१ आणि ४२ अशी तीन वर्षं बक्षिसाची सगळ्यात जास्त रक्कम त्यानं मिळवली.

होगनच्या सरावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण 'खूप प्रॅक्टिस' म्हणजे काय याबद्दल आपला गोंधळ असतो. तेव्हाची पद्धत अशी, की खेळाडू चेंडू मारायचा आणि दूरवर उभा असलेला कॅडी ते पिशवीत गोळा करायचा. तो कॅडी हाच नेम. त्याला चेंडू उचलायला जितकं कमी हलावं लागेल तितका फटका चांगला. म्हणजे प्रत्येक चेंडूमागे काही सेकंदांत उत्तर मिळतंय. कोड लिहिलं, कंपाइल केलं, एरर आली. पुन्हा. याउलट, नुसतं मैदानावर जाऊन मन रमवायला दोनशे चेंडू मारणं म्हणजे कंपाइलच न करता वर्षभर कोड लिहिण्यासारखं. तास दोन्हीकडे सारखेच भरतात.

१९५७ मध्ये होगनचं 'फाइव्ह लेसन्स' हे पुस्तक आलं. आधी फक्त पकड, मग उभं राहणं, मग फटक्याचा पहिला भाग, मग दुसरा, शेवटी सगळं एकत्र. एका वेळी एकच गोष्ट. मॉड्यूल सुटं करून टेस्ट करणाऱ्या माणसाची ही मांडणी आहे.

पुढे बघा. १९४२ च्या मास्टर्समध्ये पुन्हा बरोबरी, पुन्हा तेच दोघं समोरासमोर. १८ होलची जादा फेरी. नेल्सन ६९, होगन ७०. कॅडी यार्डातल्या त्या स्पर्धेनंतर पंधरा वर्षांनी परत एका फटक्यानं नेल्सन!

आणि १९४५ साली नेल्सननं जे केलं ते गोल्फमध्ये आजवर कुणाला जमलेलं नाही. एका वर्षात १८ स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या ११ सलग. महायुद्धामुळे काही खेळाडू सैन्यात होते हे खरं, होगनही १९४३ ते ४५ सैन्यात होता. पण त्या वर्षी होगन आणि सॅम स्नीड हे दोघंही काही स्पर्धांत खेळले होते, त्यामुळे मैदान रिकामं होतं असं म्हणता येत नाही. स्टॉपवॉच पुन्हा थांबवा. १९४५ अखेर नेल्सनच्या मेजर पाच, होगनच्या शून्य. होगन ३३ वर्षांचा.

१९४६ मध्ये नेल्सननं चक्क खेळ थांबवला. वय ३४. त्याला गुरंढोरं पाळायला रँच घ्यायची होती, तेवढे पैसे जमले होते, ताण नकोसा झाला होता. त्याच वर्षी, त्याच वयात, होगननं आपली पहिली मेजर जिंकली. १९४८ मध्ये आणखी दोन.

मग २ फेब्रुवारी १९४९. टेक्सासमध्ये धुक्यात, एका पुलावर समोरून ट्रकला ओव्हरटेक करत आलेली ग्रेहाउंड बस होगनच्या गाडीवर आदळली. त्यानं शेजारी बसलेल्या व्हॅलरीला वाचवायला स्वतःला तिच्या अंगावर झोकून दिलं, आणि त्यामुळे तोही वाचला, कारण स्टीअरिंगचा दांडा त्याच्या सीटमध्ये घुसला होता. ओटीपोटाचं हाड, खांद्याचं हाड, घोटा, बरगडी, सगळं मोडलं. रक्ताच्या गुठळ्या झाल्या म्हणून पायांकडून येणारी मोठी रक्तवाहिनी बांधून टाकावी लागली. पुन्हा चालेल का, हाच प्रश्न होता. सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून तो मेरियनला यूएस ओपन खेळला. शेवटच्या दिवशी ३६ होल, तिघांची बरोबरी, दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल. आणि जिंकला.

१९५३ मध्ये त्यानं सहा स्पर्धा खेळून पाच जिंकल्या. त्यात तीन मेजर. ब्रिटिश ओपन तो आयुष्यात एकदाच खेळला, याच वर्षी, स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला. तिकडे तेव्हा किंचित लहान चेंडू वापरत, म्हणून पठ्ठ्या दोन आठवडे आधी जाऊन त्या चेंडूवर सराव करत बसला. चार फेऱ्यांचे आकडे: ७३, ७१, ७०, ६८. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीपेक्षा कमी. सराव करून सुधारणा म्हणजे काय, याचा याहून नीट आलेख मी तरी पाहिलेला नाही.

स्टॉपवॉच तिसऱ्यांदा थांबवा. होगन नऊ मेजर, नेल्सन पाच. अख्ख्या कारकिर्दीत होगन ६४ विजेतेपदं, नेल्सन ५२. नऊपैकी सहा मेजर त्या अपघातानंतरच्या.

म्हणजे प्रॅक्टिस जिंकली? थांबा, इतकं सोपं नाही.

पहिली गोष्ट, नेल्सनला 'नैसर्गिक' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या काळात गोल्फच्या काठीचा दांडा बदलत होता. आधी हिकरीच्या लाकडाचा असायचा, तो वाकायचा आणि पिळायचा. मग पोलादी दांडा आला. अमेरिकेत १९२४ पासून त्याला परवानगी होती, पण बहुतेक जण फटका जुन्या लाकडी सवयीनंच मारत. पोलादी दांड्याला शोभेल असा फटका घडवणाऱ्या पहिल्या खेळाडूंमध्ये नेल्सनचं नाव घेतात. तो त्यानं स्वतः बदलून, चाचपडत घडवला. पुढे चेंडू आणि काठ्या तपासायला जे यंत्र वापरलं जाऊ लागलं, त्याला नावच 'आयर्न बायरन' पडलं, कारण ते नेल्सनच्या फटक्यावर बेतलेलं होतं. यंत्राला ज्याची नक्कल करावी लागते तो फटका कुणाच्या रक्तात नसतो. नेल्सनचे कष्ट लवकर फळले, म्हणून ते कुणाला दिसले नाहीत. होगनचे दहा वर्षं फळले नाहीत, म्हणून सगळ्यांना दिसले.

दुसरी गोष्ट याच्या उलटी. होगनचं 'फाइव्ह लेसन्स' अफाट खपलं, आजही खपतं. ते वाचून सराव केलेल्यांत लॅरी नेल्सन नावाचा एक जण होता (बायरनचा कुणी नाही). व्हिएतनाम युद्धातून परत आल्यावर एकविसाव्या वर्षी त्यानं पहिल्यांदा गोल्फ धरला. पहिल्याच फेरीत शंभर फटक्यांच्या आत आला. कित्येकांना हे वर्षानुवर्षं जमत नाही. नऊ महिन्यांत सत्तरच्या आत. पुढे त्यानं तीन मेजर जिंकल्या, १९८१, १९८३ आणि १९८७ मध्ये. पुस्तक तेच, चेंडू तसलेच. बाकीच्यांना का नाही जमलं? एक चेंडू मारून त्यातून किती शिकायचं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि त्याला टॅलेंट म्हणायचं नसेल तर मग कशाला म्हणायचं?

कॅल्विन पीटची गोष्ट आणखी मजेशीर. लहानपणी डावं कोपर मोडलं आणि हात कधी पूर्ण सरळ झाला नाही. गोल्फच्या प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं, की डावा हात सरळ ठेवा! त्यानं तेविसाव्या वर्षी खेळायला सुरुवात केली. १२ विजेतेपदं मिळवली आणि १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षं पहिला लांब फटका सगळ्यात अचूक मारणारा खेळाडू तोच होता. 'शरीराची देणगी' कशाला म्हणायचं, हे आधीपासून सांगता येत नाही, इतकंच यातून कळतं.

आता दहा हजार तास. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम मुलांचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास निघाला. सरासरी, बरं का. काहींचा त्याहून बराच कमी असणार. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या 'आउटलायर्स' पुस्तकानं त्याचा नियम केला आणि तो आपल्या ट्रेनिंगच्या स्लाइडांत येऊन बसला. स्वतः एरिक्सनला हा नियम मान्य नव्हता. तास मोजून काही होत नाही, सराव कसा केला हे महत्त्वाचं, असं त्याचं म्हणणं.

आणि गोल्फमध्ये कुणीतरी हा नियम खरोखर करून पाहिला. डॅन मॅक्लॉक्लिन, पोर्टलंडचा फोटोग्राफर. गोल्फ जवळजवळ न खेळलेला. एप्रिल २०१० मध्ये, तिसाव्या वर्षी, नोकरी सोडून तो दहा हजार तास पूर्ण करायला निघाला. लक्ष्य व्यावसायिक स्पर्धा. एरिक्सनचा सल्ला घेतला, प्रशिक्षक ठेवला. सुरुवातीचे काही महिने त्यानं होलच्या जवळ उभं राहून नुसतं चेंडू ढकलणंच केलं. त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला. म्हणजे ढोबळमानानं, चांगल्या दिवशी तो ठरलेल्या फटक्यांपेक्षा फार तर दोन-तीन जास्त घ्यायचा. बहुतेक हौशी खेळाडू जन्मभर खेळून तिथे पोचत नाहीत. पण २०१५ मध्ये, सुमारे सहा हजार तासांवर, पाठीच्या दुखण्यानं सगळं थांबलं. व्यावसायिक तो झाला नाही.

याला यश म्हणायचं की अपयश? आकडा बघाल तर दोन्ही. सरावानं शून्यावरून कुठवर जाता येतं हे त्यानं दाखवलं, आणि शेवटचा तुकडा किती अवघड असतो तेही.

२०१६ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी खेळांवरचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी साधारण १८ टक्के फरक सरावाच्या फरकानं समजावता येत होता. फक्त अव्वल खेळाडू घेतले तर जेमतेम एक टक्का. हे वाचून पुष्कळ जण म्हणाले, की बघा, सरावाला अर्थ नाही. पण जरा विचार करा. आयआयटीत एका वर्गात बसलेल्या मुलांमध्ये पुढे कोण यशस्वी होणार, हे जेईईच्या मार्कांवरून फारसं सांगता येत नाही, कारण सगळ्यांचेच मार्क चांगले असतात. म्हणून मार्कांशिवाय आत येता येतं असं नाही. वरच्या पातळीवर सगळेच होगनसारखे सराव करतात. होगननं पाडलेला पायंडा आता सगळ्यांचा नियम झालाय.

आता ती मेंबरशिप. टॅलेंट का प्रॅक्टिस या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की मैदान सगळ्यांना उघडं आहे. ते तसं कधीच नव्हतं. अमेरिकेतल्या पीजीए संघटनेच्या घटनेत फक्त गोऱ्यांनाच सभासदत्व देणारं कलम होतं आणि ते १९६१ मध्ये निघालं. कॅल्विन पीट कृष्णवर्णीय होता आणि तेव्हा अठरा वर्षांचा होता. वीस वर्षं आधी जन्मला असता तर त्याच्या अचूकतेचा हिशेब कुणी ठेवलाच नसता.

आपल्याकडेही हेच. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरच्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. भारतीय गोल्फ दीर्घकाळ साहेब, लष्कर आणि उद्योगपती यांचा. पण १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू होता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडीचं काम केलेला. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्तामध्ये गवताची निगा राखायचे. पोरगा बघून बघून शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर, म्हणून लष्कराची मैदानं त्याला लहानपणीच खुली झाली. तिघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक, पण कुठल्या ना कुठल्या दारानं तिघंही मैदानाच्या आत होते. आपल्या येरवड्याच्या गोल्फ कोर्सशेजारून रोज इतके आयटीवाले जातात. त्यातल्या कितींना आत काय चालतं ते माहीत असेल? आत कॅडीचं काम करणाऱ्या एखाद्या पोराला मात्र नक्की माहीत असतं.

तर माझ्या हाती काय लागलं, ते सांगतो. माणूस किती लवकर पोचतो हे पुष्कळ अंशी टॅलेंट ठरवतं. किती पुढे जातो आणि पडल्यावर पुन्हा कुठवर येतो, हे बरंचसं सराव ठरवतो. आणि या दोन्हींना वेळ मिळेल की नाही, हे ठरवतात ज्युनियर मेंबरशिप, २८५ डॉलर, पिकार्डसारखा एखादा भला माणूस, आणि सोबत टिकून राहिलेली व्हॅलरी. होगन १९३९ मध्ये खेळ सोडून गेला असता तर तो 'टॅलेंट नसलेला' म्हणून विसरला गेला असता, आणि तो निष्कर्ष कुणालाही चुकीचा वाटला नसता. असे किती जण सोडून गेले असतील, त्यांची नावं अर्थातच कुठे सापडत नाहीत. होगनची गोष्ट सांगून 'कष्ट करा, फळ मिळतंच' असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपल्यापैकी बरेच जण आत्ता २७-२८ चे आहेत. कुणाला सतार शिकायचीय, कुणाला जर्मन, कुणाला आहे ते काम सोडून वेगळंच काही. पहिला प्रश्न मनात येतो तो, "माझ्यात ते आहे का?" या प्रश्नाचं उत्तर आज मिळणार नाही. होगनला दहा वर्षं मिळालं नव्हतं. त्यापेक्षा ज्यांची उत्तरं आज मिळतात असे तीन प्रश्न विचारावेत. माझं चुकतंय हे मला लगेच कळेल अशी सोय आहे का? बाहेरून बघून सांगणारा कुणी आहे का? आणि पुढची काही वर्षं फळ न मिळता मी या मैदानावर टिकू शकेन का, पैशानं आणि घरच्यांच्या साथीनं? तिन्हींना 'हो' असेल तर टॅलेंटचा निकाल यथावकाश लागेल. 'नाही' असेल, तर आधी ती सोय बघावी. नुसते तास मोजत बसू नये.

आणि अप्रेझलमध्ये कुणाला 'याच्यात ते नाही' असं लिहिण्याआधी निदान एवढं बघावं, की आपण स्टॉपवॉच कुठल्या वर्षी थांबवतोय, आणि ज्युनियर मेंबरशिप कुणाला दिली होती.